इंग्रजी गोष्टीत पुन्हा पुन्हा घुसणारा 'हॅड' आणि नको तिथे येणारा 'कमेन्स्ड'

तक्रार नेहमीची आहे. मराठीत विचार करणारा माणूस इंग्रजीत गोष्ट लिहितो. स्पेलिंग बरोबर, वाक्यं पूर्ण, तरी वाचणारा दुसऱ्याच परिच्छेदात अडखळतो. 'काहीतरी खटकतंय' एवढंच त्याला सांगता येतं. लिहिणारा मग शब्द आणखी भारी करतो, आणि गोष्ट आणखी बिघडते. नमुना बघा:

'येस्टरडे आजोबा हॅड गॉन टू मंडई. ही वॉज हॅविंग अ क्लॉथ बॅग. आफ्टर परचेसिंग द व्हेजिटेबल्स ही प्रोसीडेड टुवर्ड्स द बस स्टॉप अँड इन्क्वायर्ड व्हेदर द बस टू कोथरूड हॅज लेफ्ट.'

अर्थ कळतो, पण आजोबा मंडईत गेले असं वाटत नाही. त्यांच्याबद्दल कुणीतरी जबाब नोंदवतंय असं वाटतं. दुरुस्त केल्यावर:

'आजोबा वेन्ट टू मंडई येस्टरडे. ही हॅड अ क्लॉथ बॅग विथ हिम. ही बॉट हिज व्हेजिटेबल्स, वॉक्ड टू द बस स्टॉप अँड आस्क्ड इफ द कोथरूड बस हॅड लेफ्ट.'

दुरुस्त उताऱ्यातही 'हॅड' दोनदा आहे, फक्त त्याची जागा बदलली: एक 'जवळ होती' या अर्थाचा साधा भूतकाळ, दुसरा 'लेफ्ट'ला जोडलेला. त्यामुळे 'हॅड काढून टाका' हा सल्ला अर्धवट ठरतो. तो नको तिथे का येतो आणि हवा तिथे का येत नाही, हे एकदा कळलं की पुढचं बरंचसं काम आपोआप होतं.

'होता' म्हणजे 'हॅड' नव्हे

शाळेतल्या तक्त्यात 'मी गेलो होतो' यासमोर 'आय हॅड गॉन' लिहिलेलं असतं. दोन्हीकडे नाव एकच, पूर्ण भूतकाळ. बिघाडाचं मूळ या तक्त्यात आहे, कारण नाव सारखं असलं तरी दोघांचं काम वेगळं आहे.

'काल तुळशीबागेत गेले होते' असं कुणी म्हणालं, तर ती बाई जाऊन आली आणि तो विषय संपला, हे आपल्याला कळतं. 'काल तुळशीबागेत गेले' एवढंच म्हणून ती थांबली, तर आपण 'बरं, मग?' म्हणतो. म्हणजे मराठीतला 'होता' गोष्ट मागे पडली, मिटली, आत्तापासून लांब गेली, एवढं सांगतो. इंग्रजी 'हॅड'ला लांब-जवळ कळत नाही, त्याला फक्त क्रम कळतो. भूतकाळातल्या एका क्षणावर आपण उभे आहोत आणि तिथून आणखी मागे वळून बघतोय, एवढ्याचसाठी तो लागतो.

तेव्हा दुसऱ्या क्रियापदाला जोडलेल्या प्रत्येक 'हॅड'ला एकच प्रश्न विचारायचा: कशाच्या आधी? गोष्टीत उत्तर सापडलं तर 'हॅड' राहू द्या. सापडलं नाही तर साधा भूतकाळ करा. 'आजोबा हॅड गॉन टू मंडई' – कशाच्या आधी? उत्तर नाही. 'द बस हॅड लेफ्ट' – कशाच्या आधी? आजोबांनी विचारण्याच्या आधी. म्हणून पहिला जातो आणि दुसरा राहतो.

पुण्यातल्या प्रत्येक घराला माहीत असलेला प्रसंग घेऊ. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने सांगत असाल, तर एकही 'हॅड' लागत नाही: 'पानशेत बर्स्ट. देन खडकवासला गेव्ह वे. द वॉटर केम इन्टू द पेठ्स.' घटना साठ वर्षांपूर्वीची, लांबची, कायमची मिटलेली, तरीही साधा भूतकाळच. मराठी कानाला इथे 'हॅड बर्स्ट' म्हणावंसं वाटतं ते केवळ त्या अंतरामुळे.

आता तीच गोष्ट दारातून सुरू करा: 'व्हेन आजी ओपन्ड द डोअर, द लेन वॉज अ रिव्हर. पानशेत हॅड बर्स्ट.' आजी दारात उभी आहे, तो क्षण आपला. धरण त्याआधी फुटलंय, म्हणून 'हॅड'. तो काढून नुसतं 'पानशेत बर्स्ट' ठेवलं, तर आजीने दार उघडल्यावर धरण फुटलं असा अर्थ होतो.

'व्हेन' हा शब्द या बाबतीत सगळ्यात धोक्याचा. 'व्हेन बाबा केम होम, आई मेड टी' म्हणजे बाबा आले आणि मग आईने चहा टाकला. 'आई वॉज मेकिंग टी' म्हणजे आले तेव्हा आधण उकळत होतं. 'आई हॅड मेड टी' म्हणजे चहा तयार होता, कदाचित निवलाही असेल. तिन्ही वाक्यं व्याकरणाने बरोबर असल्यामुळे कुठलंच तपासनीस सॉफ्टवेअर तुम्हाला थांबवणार नाही. यातलं तुम्हाला कोणतं म्हणायचं होतं, हे तुम्हीच ठरवायचं. 'आफ्टर' आणि 'बिफोर' असतील तर क्रम त्या शब्दातच आलेला असतो, त्यामुळे 'हॅड' बहुधा गाळता येतो: 'आफ्टर शी लॉक्ड द हाउस, शी वेन्ट अप टू द टेरेस.'

याच 'होता'ची दुसरी तऱ्हा आणखी फसवी आहे. 'तो बाकावर बसला होता' या वाक्यात मराठीला बसण्याची क्रिया सांगायचीच नाही, बसलेली अवस्था सांगायची आहे. त्याचं इंग्रजी 'ही हॅड सॅट ऑन द बेंच' होत नाही, 'ही वॉज सिटिंग ऑन द बेंच' होतं. 'तिने हिरवी साडी नेसली होती' हे 'शी हॅड वॉर्न' नव्हे, 'शी वॉज वेअरिंग अ ग्रीन सारी'. झोपला होता म्हणजे 'वॉज अस्लीप', भिंतीला टेकला होता म्हणजे 'वॉज लीनिंग', दमला होता म्हणजे 'वॉज टायर्ड'. शर्ट खुंटीला टांगला होता म्हणजे 'वॉज हँगिंग'. शरीराची ठेवण, अंगावरचे कपडे, झोप, थकवा, वस्तूंची जागा यांचं वर्णन करणारा परिच्छेद असेल आणि त्यात असा जोडलेला 'हॅड' दिसला, तर तो बहुधा चुकीचा समजा. गोष्टीच्या पहिल्या पानावर पात्रांची ओळख होते, कोण कुठे बसलंय, काय घातलंय ते येतं. त्यामुळे ही चूक नेमकी पहिल्या पानावर सर्वांत जास्त होते आणि संपादक तिथेच हात आखडता घेतो.

लांबलचक मागची आठवण कशी लिहायची

आठवण तीन-चार परिच्छेदांची असेल, तर प्रत्येक क्रियापदाला 'हॅड' लावल्याने वाचणाऱ्याचा श्वास कोंडतो. अजिबात लावला नाही, तर तो कुठल्या काळात आहे ते त्याला कळत नाही. इंग्रजी कथाकारांची रीत अशी: दारातून आत जाताना दोन-तीन 'हॅड', आत गेल्यावर साधा भूतकाळ, आणि बाहेर येताना एक ठळक खूण.

'विमल स्टॉप्ड ऑन द सेकंड स्टेप. शी हॅड कम डाउन दीज स्टेप्स वन्स बिफोर, विथ अ ट्रंक ऑन हर हेड. हर फादर हॅड रिफ्यूज्ड टू हायर अ टांगा. ही वॉक्ड अहेड अँड नेव्हर लुक्ड बॅक. ॲट द कॉर्नर ही बॉट हर अ ग्वाव्हा, जस्ट वन, अँड वॉच्ड हर ईट इट. द स्टेप्स वेअर सिमेंट नाउ.'

दोन 'हॅड' आणि आपण आठवणीत शिरलो. वडील पुढे चालत गेले, पेरू घेतला, ती खाते ते बघितलं, हे सगळं साधं. शेवटच्या वाक्यातला 'नाउ' आपल्याला पायऱ्यांवर परत आणतो. भूतकाळाच्या वाक्यात 'नाउ' बघून मराठी लेखकाला चूक वाटते आणि तो 'ॲट दॅट टाइम' घालतो. तसं करू नका. इंग्रजी कथेतला 'नाउ' हा पात्राचा 'आता' असतो, आणि 'वेअर सिमेंट नाउ' ही अगदी नेहमीची घडण आहे. परतीची खूण म्हणून एखादा आवाज, वस्तू किंवा हालचालही चालते, मात्र ती वर्तमान प्रसंगातली आणि वाचकाला आधी दाखवलेली हवी. आठवणीच्या शेवटी तुम्हीच गोंधळत असाल, तर शेवटच्या आठवणीच्या वाक्यात आणखी एक 'हॅड' ठेवा. ते दार लोटून घेतल्यासारखं काम करतं.

'जात होता', 'जायचा', 'जाई'

मराठीत सवय सांगायला आपल्याकडे सुंदर रूपं आहेत: तो जायचा, तो जाई, ती करी. बोलताना आपण 'रोज जात होता' असंही म्हणतो, आणि त्याचं इंग्रजी 'वॉज गोइंग डेली' होऊन बसतं. इंग्रजी 'वॉज गोइंग' म्हणजे त्या विशिष्ट घडीला वाटेत होता. सवयीसाठी तीन पर्याय आहेत.

पहिला म्हणजे साधा भूतकाळ आणि वारंवारिता सांगणारा शब्द: 'एव्हरी सॅटर्डे ही वेन्ट टू द मारुती टेम्पल.' दुसरा 'यूज्ड टू', ज्यात 'आता तसं राहिलं नाही' ही हळहळ दडलेली असते. तिसरा 'वुड', आपल्या 'जाई'च्या सर्वांत जवळचा: 'ऑन हॉट आफ्टरनून्स शी वुड सिट बाय द वेल.' हा आठवणीच्या सुराला शोभतो. पण 'वुड'ला एक मर्यादा आहे. तो वारंवार होणाऱ्या कृतीसाठी चालतो, स्थितीसाठी नाही. 'इथे पूर्वी टांगा स्टँड होता' याचं 'देअर वुड बी अ टांगा स्टँड हिअर' होत नाही, 'देअर यूज्ड टू बी' होतं. शिवाय आधी काळ ठरवून न देता 'वुड'ने सुरुवात केली, तर तो 'जाईल' असा वाचला जाऊ शकतो. म्हणून परिच्छेदाचं पहिलं वाक्य 'यूज्ड टू' किंवा साध्या भूतकाळाने, मग दोन-तीन 'वुड', मग पुन्हा साधं. सलग पाच 'वुड' झाले की आठवणीचा सूर रडका होतो.

हॅव, नो, वॉन्ट, लव्ह, बिलाँग, अंडरस्टँड, सीम या क्रियापदांना गोष्टीत 'इंग' लावू नका. 'ही वॉज हॅविंग टू सन्स' चूक, 'ही हॅड टू सन्स' बरोबर. 'वॉज हॅविंग लंच' मात्र चालतं, कारण तिथे 'हॅव' म्हणजे खाणं, जवळ असणं नाही.

'-ऊन'ची माळ

मराठी कथनाचा हा सर्वांत मोठा आधार, आणि इंग्रजीत सर्वांत वाईट उतरणारा. 'आजी पहाटे उठून, अंगण झाडून, सडा घालून, रांगोळी काढून मग चहाला बसायची.' एकच पूर्ण क्रियापद, ते शेवटी, आणि सगळं वजन त्याच्यावर. इंग्रजीत याचं दोन प्रकारे वाटोळं होतं. एक म्हणजे 'हॅविंग गॉट अप, हॅविंग स्वेप्ट द यार्ड', ज्यात आजी एकदम न्यायालयाच्या निकालपत्रात जाऊन बसते. दुसरं म्हणजे 'गेटिंग अप, स्वीपिंग द यार्ड, ड्रॉइंग रांगोळी, शी सॅट डाउन', जिथे इंग्रजी वाचकाला हे सगळं एकाच वेळी चाललंय असं दिसतं.

कारण इंग्रजी 'इंग' मुख्यतः सोबत चाललेली क्रिया सांगतो, आणि '-ऊन' आधी झालेली. 'लॉकिंग द डोअर, शी वॉक्ड टू स्वारगेट' म्हणजे कुलूप लावता लावता स्वारगेटपर्यंत चालली! उपाय साधा आहे: प्रत्येक '-ऊन'ला पूर्ण क्रियापद द्या आणि शेवटचं वजन एखाद्या शब्दाने परत मिळवा. 'आजी गॉट अप बिफोर डॉन, स्वेप्ट द यार्ड, स्प्रिंकल्ड वॉटर, ड्रू हर रांगोळी, अँड ओन्ली देन सॅट डाउन टू हर टी.' त्या 'ओन्ली देन'मध्ये मराठीतला 'मग' जिवंत राहतो. ही सकाळ सवयीची आहे हे वर 'एव्हरी मॉर्निंग' घालून सांगा, नाहीतर ती एकाच दिवसाची वाटेल.

'-ल्यावर'चंही तसंच. 'डेक्कनला पोचल्यावर पाऊस सुरू झाला' हे मराठीत निर्दोष आहे, पोचणारे वेगळे आणि पाऊस वेगळा असला तरी. 'रीचिंग डेक्कन, इट स्टार्टेड टू रेन' मध्ये मात्र पाऊसच डेक्कनला पोचतो. 'व्हेन दे रीच्ड डेक्कन, इट स्टार्टेड टू रेन' लिहा.

'की'नंतरचा काळ

'ती म्हणाली की ती उद्या येणार आहे.' मराठी 'की'नंतर बोलणाऱ्याचे शब्द जवळपास जसेच्या तसे ठेवते. इंग्रजीत बाहेरचं क्रियापद भूतकाळी असलं की आतलंही एक पाऊल मागे सरतं: 'शी सेड शी वुड कम द नेक्स्ट डे.' इज चं वॉज, विल चं वुड, कॅन चं कुड, हॅज लेफ्ट चं हॅड लेफ्ट. 'टुमॉरो' चं 'द नेक्स्ट डे', 'येस्टरडे' चं 'द डे बिफोर'. आतला प्रश्न सरळ वाक्य होतो: 'ही आस्क्ड व्हेअर शी वॉज गोइंग', 'व्हेअर वॉज शी गोइंग' नाही. फार अडलं तर बोलणं सरळ अवतरणात टाका आणि पात्राला त्याच्या तोंडाने बोलू द्या. बहुतेक वेळा ते जास्त चांगलंही दिसतं.

'बघतो तर काय, दार उघडं!' ही आपली एकदम वर्तमानात उडी मारण्याची लकब लिखित इंग्रजीत जपून वापरा. पूर्ण गोष्ट वर्तमानकाळात लिहिता येते, पण एका परिच्छेदात सॉ, ओपन्स, वेन्ट, सीज असं मागेपुढे झालं की वाचक ते चूक म्हणूनच वाचतो.

शब्दांची पातळी

इंग्रजीत एका गोष्टीला दोन-दोन, तीन-तीन शब्द आहेत. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबार आणि कायदा फ्रेंचमध्ये गेला, विद्येची भाषा लॅटिन होतीच, आणि घरात-शेतात जुनं इंग्रजी राहिलं. म्हणून बाय आणि परचेस, बिगिन आणि कमेन्स, आस्क आणि इन्क्वायर, लिव्ह आणि रिझाइड, हेल्प आणि असिस्ट अशा जोड्या. पहिला घरचा, दुसरा कचेरीचा.

हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागू नये, कारण आपल्याकडे नेमकं हेच आहे: झाड आणि वृक्ष, घर आणि गृह, जेवण आणि भोजन. कुठला शब्द कुठे शोभतो हे आपल्याला मराठीत न शिकवता कळतं. तोच कान इंग्रजीला लावायचा. संशय आला की त्या इंग्रजी शब्दाचा मराठीतला जोडीदार वाक्यात घालून बघा. परचेस्ड म्हणजे 'क्रय केला'. इन्क्वायर्ड म्हणजे 'पृच्छा केली'. कमेन्स्ड म्हणजे 'प्रारंभ केला'. कन्झ्यूम्ड म्हणजे 'सेवन केलं'. 'आजोबांनी पोह्यांचे सेवन केले' असं तुम्ही मराठी कथेत लिहाल का? नाही ना, मग 'आजोबा कन्झ्यूम्ड पोहे' कसं लिहिता? तिथे 'एट'. 'डिमाइज' म्हणजे 'निधन', ते श्रद्धांजलीच्या फलकावर शोभतं. गोष्टीत आजी 'डाइड'. 'एक्स्पायर्ड' तर औषधाची बाटली होते.

हा दोष बुद्धीचा नाही, वाटेचा आहे. आपल्यातल्या बहुतेकांकडे इंग्रजी अंगणातून आलं नाही. ते धड्यातून, अर्जातून, बँकेच्या पत्रातून, वर्तमानपत्रातून आलं. म्हणून कचेरीचे शब्द मुबलक आणि स्वयंपाकघरातले कमी. फोडणी तडतडणे, दूध उतू जाणे, ओचा खोचणे, केसांचा गुंता सोडवणे, दार करकरणे, यांना इंग्रजीत काय म्हणतात हे चटकन सुचत नाही. तडतडते ती 'स्प्लटर', उतू जातं ते 'बॉइल ओव्हर', खोचला तो 'टक्ड', गुंता सोडवला तो 'अनटँगल्ड', दार 'क्रीक्ड'. अशा शे-दोनशे क्रियापदांची वही स्वतः करा. कथेच्या कामाला कुठल्याही भारी शब्दसंग्रहापेक्षा ती जास्त येईल.

तीच गोष्ट 'पुट', 'गेट', 'टेक' यांच्या जोडशब्दांची. पोस्टपोन्ड ऐवजी 'पुट ऑफ', एक्स्टिंग्विश्ड ऐवजी 'पुट आउट', टॉलरेट ऐवजी 'पुट अप विथ'. आपण मराठीत 'खाऊन टाकलं', 'बोलून बसला', 'फेकून दिलं' म्हणतो, त्या दुसऱ्या क्रियापदाचा जीव इंग्रजीत बहुधा या छोट्या अप-आउट-ऑफ मध्ये असतो: 'एट इट अप', 'ब्लर्टेड इट आउट', 'थ्र्यू इट अवे'.

उलट दिशेची चूकही होते. भारी शब्द काढायला निघालेला लेखक थेट अमेरिकी मालिकांच्या भाषेत उतरतो आणि सदाशिव पेठेतल्या काकू 'यू गाइज' आणि 'गॉना' म्हणू लागतात. साधं म्हणजे सैल नव्हे. निवेदकाची एक पातळी पहिल्या पानावर ठरवा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. बदल फक्त पात्रांच्या तोंडी.

संवाद

संवादात जोडलेली रूपं घ्या: डोन्ट, कान्ट, शीज, आयल. 'आय डू नॉट नो' हे वाक्य पात्र चिडलेलं असेल किंवा शब्दावर जोर देत असेल तरच. बोलण्याला जोडलेलं क्रियापद म्हणून 'सेड' आणि 'आस्क्ड' पुरतात. रिटॉर्टेड, एक्स्क्लेम्ड, रिमार्क्ड हे शब्द संवादापेक्षा मोठ्याने ओरडतात.

तू, तुम्ही आणि अहो यांचं काय करायचं, हा खरा कठीण प्रश्न. इंग्रजीत सगळ्यांना 'यू'. तेव्हा फरक 'यू'च्या बाहेर ठेवावा लागतो. नात्याचे शब्द जसेच्या तसे ठेवा: काका, मावशी, वहिनी, आजी. त्यांचं अंकल-आंटी केलं की घर बदलतं. मानाचं बोलणं लांब आणि वळणाचं: 'वुड यू लाइक टू सिट, काका?' सलगीचं आखूड: 'सिट.' एखादं पात्र तुम्हीवरून तूवर येतं तो क्षण महत्त्वाचा असेल, तर आधीच्या दोन-तीन बोलण्यांत 'काका' किंवा 'सर' ठेवा आणि त्या क्षणी तो गाळा. वाचणाऱ्याला शब्द न सांगता कळतं. नवऱ्याला 'अहो' म्हणणाऱ्या बाईसाठी निवेदकाचं एक वाक्य पुरतं: 'शी हॅड नेव्हर सेड हिज नेम अलाउड.' इथला 'हॅड' योग्य आहे, कारण उत्तर आहे: या क्षणाच्या आधी कधीच नाही.

आपल्याकडच्या इंग्रजीतले 'पास्ड आउट', 'आउट ऑफ स्टेशन', 'कझिन ब्रदर', 'प्रीपोन' हे शब्द पात्राच्या तोंडी पूर्ण बरोबर आहेत, कारण पुण्यातला माणूस तसंच बोलतो. ते पुसून त्याला लंडनचं इंग्रजी देणं म्हणजे त्याच्यावर अन्याय. निवेदनात मात्र वाचक कोण ते बघा. इंग्लंड-अमेरिकेतल्या वाचकाला 'ही पास्ड आउट इन १९८४' म्हणजे तो बेशुद्ध पडला असं वाटेल. काळाचं भानही इथेच लागतं. पुण्याची आजची बससेवा पीएमपीएमएल २००७ मध्ये झाली, म्हणून १९९० च्या गोष्टीत बस तिच्या आधीच्या 'पीएमटी'ची. आणि जुन्या पुणेकराच्या तोंडी आजच्या गोष्टीतही पीएमटीच.

लिहून झालेला मसुदा कसा तपासायचा

सगळं एकदम शोधू नका, डोळा थकतो आणि चुका निसटतात. संगणकावर कंट्रोल आणि एफ दाबून एकेक गोष्ट हुडका, या क्रमाने.

१. पहिल्या फेरीत फक्त 'हॅड', आणि त्याचं आखूड रूप, म्हणजे अपॉस्ट्रॉफी आणि डी. प्रत्येकाला 'कशाच्या आधी?' विचारा. ३०० शब्दांच्या पानावर आठ-दहा निघाले, तर एक तर ते अनावश्यक आहेत किंवा तुम्ही गोष्ट चुकीच्या क्षणापासून सुरू केली आहे. दुसरी शक्यता गंभीरपणे घ्या. खरी घटना मागे घडून गेली असेल, तर गोष्ट तिथूनच सुरू करा आणि सगळे 'हॅड' एका फटक्यात सोडा.

२. दुसऱ्या फेरीत 'इंग'ने संपणारे शब्द. 'वॉज'नंतर आला असेल तर विचारा: त्याच घडीला चालू होतं की सवय होती? वाक्याच्या सुरुवातीला आला असेल तर विचारा: सोबत की आधी?

३. तिसऱ्या फेरीत 'सेड', 'आस्क्ड', 'थॉट' शोधा आणि पुढचा काळ एक पाऊल मागे गेलाय का ते बघा.

४. चौथी फेरी छापील कागदावर, पेन्सिलीने. तीन किंवा जास्त उच्चारखंडांचा (सिलेबल्सचा) प्रत्येक इंग्रजी शब्द अधोरेखित करा आणि त्याला मराठी जोडीदाराच्या कसोटीवर लावा. हॉस्पिटल, फॅमिली, आफ्टरनून असे नेहमीचे शब्द सोडून द्या.

५. शेवटी फक्त संवाद मोठ्याने वाचा, निवेदन गाळून. कोण बोलतंय हे नाव न बघता कळलं पाहिजे.

इंग्लंडी की अमेरिकी, हेही पहिल्या मसुद्याआधी ठरवून वर्डमधली भाषा तशी लावा. याचा काळाशीही संबंध आहे: इंग्लंडी पात्र 'हीज जस्ट लेफ्ट' म्हणेल, अमेरिकी बरेचदा 'ही जस्ट लेफ्ट'. लर्न्ट-लर्न्ड, ड्रेम्ट-ड्रीम्ड यांत जो पर्याय निवडाल तो सगळीकडे ठेवा.

उरतं एक जोडपं, जे अनुभवी लेखकांनाही सोडत नाही. 'लाय' म्हणजे पडून राहणे: लाय, ले, लेन. 'ले' म्हणजे ठेवणे: ले, लेड, लेड. म्हणजे पहिल्याचा भूतकाळ दुसऱ्याच्या मूळ रूपासारखाच दिसतो. 'शी लेड ऑन द चटई' चूक, 'शी ले ऑन द चटई' बरोबर. 'शी लेड द बेबी ऑन द चटई' बरोबर, कारण तिने काहीतरी ठेवलं. 'शी हॅड लेन देअर ऑल आफ्टरनून' मध्ये 'लेन' ऐकायला विचित्र वाटतो, म्हणून अनेकजण तो टाळून 'हॅड लेड' लिहितात आणि चुकतात. तसा कान अडत असेल, तर 'शी हॅड बीन लाइंग देअर ऑल आफ्टरनून' लिहा.